तुम्ही विचारलंत म्हणून: नानांना शेवटी हॉस्पिटलमध्ये का नेलं नाही?

नाना जाऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून जिन्यात, भाजीवाल्याकडे, लग्नाच्या पंगतीत हा प्रश्न मला येतोच. कुणी काळजीनं विचारतं, कुणाच्या आवाजात थोडा ठपका असतो. "शेवटी त्यांना हॉस्पिटलमध्ये का नाही नेलंत?"

नेलं होतं. हे आधी सांगते.

नाना माझे सासरे. आम्ही पुण्यात सहकारनगरला राहतो. वयाच्या ८२ व्या वर्षापर्यंत नाना रोज सकाळी पर्वती चढायचे. मग एका पावसाळ्यात १०३ पायऱ्यांपैकी निम्म्यावर बसायला लागले, दिवाळीपर्यंत पायथ्याशीच. फुप्फुसं कडक होत जाण्याचा आजार निघाला. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. पुढच्या वर्षी एकदा धाप फारच वाढली, तेव्हा आम्ही धावतपळत ॲडमिट केलं. अकरा दिवस आयसीयू. नाकातली नळी ओढून काढतात म्हणून त्यांची दोन्ही मनगटं पट्टीनं कॉटच्या कठड्याला बांधलेली होती. सिस्टर वाईट नव्हत्या, एकटीकडे किती पेशंट! पण संध्याकाळी भेटायला सोडलं तेव्हा नाना मला म्हणाले, "अगं, यांना सांग ना, मी कुठे पळून जाणार नाही." आयुष्यभर पोरांना गणित शिकवलेला माणूस. ते वाक्य अजून माझ्या कानात आहे.

घरी आल्यावर त्यांनी आम्हाला समोर बसवलं आणि म्हणाले, "फुप्फुसं बरी होणार नाहीत, मला माहीत आहे. पुन्हा तिथे नको."

नुसतं म्हणून भागत नाही, हे मला ठाऊक होतं. सुप्रीम कोर्टानं ९ मार्च २०१८ ला सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य केला आणि कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायला परवानगी दिली. तेव्हाची पद्धत फार किचकट होती. जानेवारी २०२३ मध्ये ती सोपी झाली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. शिवाजीनगर कोर्टापाशी आम्ही नानांना छोट्या सिलिंडरसकट गाडीतच बसवलं आणि नोटरीच खाली आले. त्यांना वाटलं मृत्युपत्र आहे. नाना म्हणाले, "मृत्युपत्र मेल्यावरचं. हे मरेपर्यंतचं." आपल्या वतीनं बोलायला त्यांनी मुलगा आणि मुलगी, दोघांचीही नावं घातली. हे फार शहाणपणाचं झालं. माझी नणंद बंगलोरला असते. लांब राहणाऱ्या माणसाला नेहमी वाटतं की इथले कमी पडतायत. सही तिच्यासमोर झाली, म्हणून पुढे भावाबहिणींत एका शब्दाचं वाकडं आलं नाही.

खरं तर तो कागद हॉस्पिटलसाठी असतो. व्हेंटिलेटर लावायचा नाही किंवा काढायचा, तर तिथे डॉक्टरांची दोन मंडळं बसतात, आणि त्यांना पेशंटचं म्हणणं त्यातून कळतं. आमच्या घरी तो वेगळ्याच कामाला आला. एका रात्री दोन वाजता नानांना धाप लागली. ओठ निळसर, डोळ्यांत भीती. माझ्या नवऱ्यानं १०८ लावायला फोन हातात घेतलासुद्धा. मग त्यानं कपाटाकडे पाहिलं, तिथे ती फाइल होती. तो मटकन खाली बसला आणि मी पॅलिएटिव्हच्या, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणाऱ्या, डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी उचलला. मॉर्फिनचा किती डोस द्यायचा ते सांगितलं, खिडकी उघडा म्हणाले, टेबलफॅन सरळ तोंडावर सोडा म्हणाले. गार वारा चेहऱ्यावर आला की धाप कमी जाणवते, हे मला तेव्हा कळलं. अर्ध्या तासात श्वास खाली आला. त्या रात्री फोन उचलला गेला नसता तर आम्ही नानांना उचलून नेलंच असतं, आणि त्यात आमची चूक म्हणता आली नसती.

मॉर्फिन म्हटलं की लोक दचकतात. "अफूच ना ती? लवकर नेते म्हणे." योग्य मात्रेत, डॉक्टरांच्या देखरेखीत दिलं तर नेत नाही, धाप आणि वेदना हलकी करतं. त्यानं पोट मात्र हमखास बांधतं, म्हणून सोबत रोज जुलाबाचं औषध द्यावं लागतं.

मला यातलं थोडंफार आधीच येत होतं, ते माझ्या आईमुळे. ती कॅन्सरनं गेली. शेवटचे तीन आठवडे आम्ही दोघी वारज्याला सिप्लाच्या पॅलिएटिव्ह केअर केंद्रात होतो. १९९७ पासून ते चालू आहे आणि तिथे पैसे घेत नाहीत. दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, टाचांखाली उशी, तोंड कोरडं पडलं की ओल्या कापसानं आतून टिपून घ्यायचं, ओठांना तूप, हे सगळं मी तिथे शिकले. तेव्हा वाटलं नव्हतं की परत लागेल.

शेवटच्या आठवड्यात नानांनी जेवण सोडलं. चुलत सासूबाई म्हणाल्या, "नळी घाला, उपाशी ठेवू नका." मला रडू आलं, कारण घास नाकारणाऱ्या माणसासमोर ताट घेऊन बसणं सोपं नसतं. पण शरीर मिटत आलं की त्याला अन्न पेलवत नाही. बळं भरवलं तर ठसका लागून छातीत जातं. मग आम्ही चमच्यानं चहा द्यायचो. दोन चमचे. तेवढ्यावर ते "छान झालाय" म्हणायचे.

शुक्रवारी पहाटे घशात घरघर सुरू झाली. ऐकायला भयंकर वाटते, पण त्या माणसाला ती बहुधा जाणवत नाही. आम्ही त्यांना कुशीवर केलं. नणंद आदल्या रात्रीच पोचली होती, तिनं हात धरला होता. सहाच्या सुमारास दोन श्वासांतलं अंतर वाढत गेलं. हात मोकळे होते त्यांचे.

हाड मोडलं, किंवा बरा होण्यासारखा न्यूमोनिया झाला, तर मीही हॉस्पिटलच गाठीन. आणि जे शेवटपर्यंत तिथेच राहिले त्यांना मी कधीच नावं ठेवणार नाही.

परवा तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं. त्यांच्या आईचं तसंच चाललंय. मी त्यांना सांगितलं: रात्री फोन उचलणारा डॉक्टर आधी शोधा. घरी मृत्यू झाला तर कारणाचा दाखला, नमुना ४अ, कोण देणार हे त्यांनाच आत्ता विचारून ठेवा, नाहीतर वैकुंठ स्मशानभूमीत न्यायच्या वेळी धावाधाव होते. रात्रीच्या पाळ्या लावा, एकट्यानं जागू नका. आणि गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, मशीन बंद पडेल. मोठा सिलिंडर बुधवारीच आणून ठेवा.