मंजुरी आणि पहिला हप्ता यांच्यामधले ५३ दिवस

बायरॅक या जैवतंत्रज्ञानातल्या नवउद्योगांना मदत करणाऱ्या केंद्र सरकारी संस्थेच्या ‘बिग’ अनुदानाचे, म्हणजे बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँटचे, मंजुरीपत्र हाती आले त्या दिवशी आता पैसे आलेच, अशा समजुतीने मी दोन उपकरणांच्या पुरवठादारांना होकार कळवून टाकला होता. प्रत्यक्षात पहिला हप्ता जमा व्हायला त्यानंतर ५३ दिवस लागले आणि त्यांतले बहुतेक दिवस बँकेकडून मिळवायच्या एका पानाच्या पत्रात गेले. प्रस्ताव कसा लिहावा हे सांगणारे पुष्कळ भेटतात, या पत्राबद्दल मात्र मला आधी कोणीही सांगितले नव्हते.

आमची कंपनी दोघांची आहे. गाईला झालेला कासदाह, म्हणजे कासेची संसर्गाने येणारी सूज, बाहेरून दिसू लागण्यापूर्वीच ओळखता यावा, यासाठी गोठ्यात वापरता येईल असे हातात मावणारे यंत्र आम्ही तयार करत आहोत. कासेला संसर्ग झाला की दुधातले सोडियम आणि क्लोराइड वाढते व त्यामुळे दुधाची विद्युतवाहकता वाढते, ही गोष्ट जुनी आहे. परंतु हा आकडा जनावरागणिक बदलत असल्यामुळे सरसकट एक मर्यादा ठरवून निदान करता येत नाही, म्हणून आम्ही एकाच गाईच्या चार सडांतल्या दुधाची आपसांत तुलना करतो. कल्पना प्रयोगशाळेत चालते, पण गोठ्यात चालेल याचा पुरावा नाही, आणि पुरावा नाही म्हणून गुंतवणूकदार दारात उभे करत नाही, अशा अवस्थेतल्या माणसांसाठीच ही योजना आहे. तीत जास्तीत जास्त ५० लाख रुपये, १८ महिन्यांच्या कामासाठी, टप्प्याटप्प्याने मिळतात. अर्ज, छाननी आणि सादरीकरण यांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. दुधाचे तापमान बदलले की वाहकता बदलते, मग तुमचे यंत्र धारेच्या कोमट दुधावर आणि बादलीतल्या थंड झालेल्या दुधावर एकच उत्तर कसे देईल, हा परीक्षकांचा प्रश्न इतका नेमका होता की त्यानंतर आम्ही तापमानाची दुरुस्ती आराखड्यातच घेतली.

अडले ते पुढे. अनुदानाचे पैसे ठेवण्यासाठी स्वतंत्र ‘नो-लीन’ खाते लागते आणि ते तसे असल्याचे बँकेचे पत्र द्यावे लागते. या पत्राचा अर्थ एवढाच, की कंपनीकडून बँकेचे दुसरे काही येणे असले तरी बँक ते या खात्यातून वळते करून घेणार नाही. सरकारचा पैसा ज्या कामासाठी दिला त्याच कामाला लागावा, ही अपेक्षा रास्त आहे आणि तिच्याबद्दल माझ्या मनात कधीच शंका नव्हती.

आमचे खाते ज्या शाखेत होते तिथे मात्र हा शब्दच कोणी ऐकलेला नव्हता. पहिल्या खेपेला खिडकीवरच्या अधिकाऱ्यांनी मला म्हटले, “मॅडम, तुमच्यावर आमचं काही येणंच नाही, मग हे पत्र कशाला?” आणि आठ दिवसांनी त्यांनी जे पत्र दिले ते ‘येणे बाकी नाही’ या अर्थाचा दाखला होते. आज येणे नाही आणि उद्या झाले तरी या पैशाला हात लावणार नाही, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजावून सांगताना माझा आवाज चढला आणि त्याचा उपयोग काही झाला नाही. दुसरे पत्र मिळाले त्यात मजकूर बरोबर होता, पण खाते क्रमांक आमच्या जुन्या चालू खात्याचा पडला होता. तिसऱ्या वेळी व्यवस्थापक रजेवर होते आणि त्यांच्या जागी आलेल्यांनी असे पत्र शाखेच्या अधिकारात बसत नाही, विधी विभागाकडे पाठवावे लागेल, असे सांगितले. पाठवले, म्हणजे एका लाल फायलीत घातले. ती लाल फाइल पुढचे सतरा दिवस त्याच टेबलाच्या डाव्या कोपऱ्यावर, शिक्क्यांच्या डबीखाली, मी प्रत्येक खेपेला पाहत होते. एकूण नऊ खेपा झाल्या. या काळात पुरवठादारांच्या दरपत्रकांची मुदत संपली आणि एका उपकरणाची किंमत वाढली, ती वाढ आम्हाला पदरातून भरावी लागली.

शेवटी मी स्वतः कायदा वाचला. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७१ नुसार बँकेला ग्राहकाच्या मालावर सर्वसाधारण धारणाधिकार (लीन), म्हणजे येणे फिटेपर्यंत तो अडवून ठेवण्याचा अधिकार असतो, पण विरुद्ध करार नसेल तरच, असे त्या कलमातच म्हटले आहे. म्हणजे बँकेने लिहून दिले तर तो अधिकार ती सोडू शकते आणि त्यासाठी कोणताही नियम वाकवावा लागत नाही. हे कलम आणि मी तयार केलेला मसुदा घेऊन मी थेट विभागीय कार्यालयातल्या विधी अधिकाऱ्यांकडे गेले. त्यांनी दहा मिनिटांत तो वाचला आणि एकच वाक्य खोडले: ‘कोणत्याही परिस्थितीत हे खाते गोठवले जाणार नाही.’ न्यायालयाचा किंवा करविभागाचा जप्तीचा आदेश आला तर बँकेला तो पाळावाच लागतो, त्यामुळे असे वचन बँक देऊच शकत नाही, हे त्यांनी शांतपणे सांगितले आणि त्यांचे म्हणणे बरोबर होते. बँकेने आपल्या स्वतःच्या येण्यासाठी धारणाधिकार किंवा वळतावळत वापरणार नाही, एवढेच लिहायचे असते. तिसऱ्या दिवशी शाखेतून पत्र मिळाले. ते हातात घेऊन मी आधी खाते क्रमांकाचा एकेक अंक जुळवला, मगच बाहेर पडले.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की मंजुरीची वाट न पाहता, सादरीकरणाला बोलावणे आले की लगेच बँकेशी बोलावे, आणि शक्य असेल तर संस्थांची व सरकारी निधीची खाती सांभाळणारी शाखाच निवडावी. योजनेकडून पत्राचा नमुना मिळत असेल तर तोच बँकेपुढे ठेवावा, आपल्या शब्दांत मसुदा करण्याच्या भानगडीत पडू नये. कंपनीचे नाव नोंदणी प्रमाणपत्रात जसे आहे तसेच, ‘प्रायव्हेट लिमिटेड’ पूर्ण लिहून, सगळीकडे एकसारखे असावे.

आता आठवले म्हणून सांगते, प्रस्तावात उपकरणांच्या किमती लिहिताना दरपत्रकातला जीएसटी धरला आहे ना, हे पाहावे, कारण मंजूर आकडा नंतर वाढत नाही. प्रत्येक टप्प्याचे उद्दिष्ट मोजता येईल असे लिहावे. ‘यंत्र विकसित करणे’ असे लिहिले तर ते पूर्ण झाले की नाही यावर वाद होतो, तर ‘अमुक इतक्या गाईंच्या चारही सडांच्या नोंदी घेऊन प्रयोगशाळेत केलेल्या दुधातल्या पेशींच्या गणनेशी ताडून पाहणे’ असे लिहिले की वाद उरत नाही, आणि पुढचा हप्ता याच नोंदींवर अवलंबून असतो. खर्चाचे हिशेब आणि उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरलेल्या कामालाच लागल्याचा दाखला, यांसाठी सनदी लेखापाल आधीच ठरवावा, आणि त्याने सामान्य वित्तीय नियम, २०१७ मधला १२-अ हा या प्रमाणपत्राचा नमुना पूर्वी भरला आहे का, हे विचारून घ्यावे. आमच्या लेखापालांनी तो भरलेला होता, त्यामुळे पहिल्या टप्प्याचा हिशेब एका बैठकीत झाला.

पहिला हप्ता जमा झाल्याचा संदेश सकाळी सव्वाअकराला आला. त्याच दुपारी मी यंत्राचे मोजमाप पडताळण्यासाठी वाहकतेच्या प्रमाणित द्रावणाच्या दोन बाटल्या मागवल्या आणि पावतीवर प्रकल्पाचे नाव व खर्चाचे शीर्षक लिहून ती फायलीत पहिल्या पानावर लावली.