काळी गाडी, स्वर्ल आणि पॅड: बॉनेट पूर्ण झालं

मागच्या नोंदीत गाडी धुऊन, आयर्न रिमूव्हर (रंगात रुतलेले लोखंडी कण सोडवणारं द्रव) मारून, क्ले बार (चिकटलेली घाण ओढून काढणारी मातीसारखी वडी) फिरवून झाला होता. आता स्वर्ल, म्हणजे रंगावरच्या बारीक गोल रेघा, काढायला पॉलिशिंग मशीन हातात घेतलं आहे. बॉनेट, दोन्ही पुढचे फेंडर आणि ड्रायव्हरचा दरवाजा झाला. नऊ तास गेले, त्यातले जवळजवळ तीन फक्त टेस्ट स्पॉटवर, म्हणजे कुठलं पॉलिश आणि कुठला पॅड चालतो ते आधी छोट्या चौकोनात पाहण्यावर. त्या तीन तासांबद्दलच जास्त लिहितो, कारण बाकीचे सहा तास त्यांच्यामुळेच सुरळीत गेले.

आधी गेज, म्हणजे रंगाची जाडी मोजणारं यंत्र. साधारण ऐंशी ठिकाणी मोजलं. बॉनेट 116 ते 124 मायक्रॉन, टप 110 च्या आसपास, आणि डावा मागचा दरवाजा एकदम 240. म्हणजे तो कधीतरी परत रंगवलेला आहे. आकडा मोठा दिसला म्हणून तिथे बिनधास्त घासायला मिळेल असं मात्र नाही. साधं गेज रंगाची एकूण जाडी सांगतं, त्यातला क्लिअर कोट, म्हणजे सगळ्यांत वरचा पारदर्शक थर, किती ते सांगत नाही. त्या 240 मध्ये खाली प्राइमर असेल, पुट्टीही असेल. फॅक्टरीच्या रंगात क्लिअर कोट बहुतेक वेळा 35 ते 50 मायक्रॉनच असतो आणि उन्हापासून रंगाला वाचवण्याचं काम त्याचंच. म्हणून प्रत्येक मायक्रॉन जपून वापरायचा, हे मी आधीच ठरवून टाकलं होतं. बंपर प्लास्टिकचे, तिथे हे गेज चालत नाही. ते शेवटी, हलक्या हाताने.

मशीनबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं होतं. मी 15 मिमी थ्रोचा डीए घेतला, पाच इंची बॅकिंग प्लेटसह (पॅड जिच्यावर चिकटतो ती तबकडी). डीए म्हणजे ड्युअल अ‍ॅक्शन: पॅड फिरतो आणि हेलकावतोही, आणि थ्रो म्हणजे त्या हेलकाव्याचा व्यास. त्याआधी एका मित्राचे 8 आणि 21 मिमीचे डीए आणि त्याची रोटरी अशी तिन्ही मशीन भंगारातल्या एका बॉनेटवर चालवून पाहिली होती. 21 मिमी सपाट पॅनलवर फार छान चालतं, पॅड मोठा असल्याने काम भराभर उरकतं, पण फेंडरच्या फुगवट्यावर आलं की पॅडचं फिरणं बंद. 8 मिमी वळणावर आज्ञाधारक आहे, पण काम हळू होतं आणि दिवसभरात मनगट भरून येतं. रोटरीचा वेग आणि कापण्याची ताकद मानलीच पाहिजे, मात्र ती एकाच आसाभोवती फिरते, त्यामुळे उष्णता एका जागी साठते आणि हात जरा कलला की होलोग्राम, म्हणजे उजेडात सरकणाऱ्या धुरकट पट्ट्या, उमटतात. काळ्या रंगावर ते लगेच दिसतात. गिअरवर चालणारं फोर्स्ड रोटेशन मशीन मी वापरलेलं नाही. त्यात दाब दिला तरी पॅड थांबत नाही, एवढाच त्याचा मोठा फायदा.

एक छोटं काम सगळ्यांनी करा: बॅकिंग प्लेटच्या कडेवर मार्करने एक जाड रेघ ओढा. मशीन चालू असताना ती रेघ गोल फिरताना दिसली पाहिजे. माझ्या उजव्या फेंडरवर, चाकाच्या वरच्या वळणावर ती जागच्या जागी थरथरत होती. पॅड नुसता हलत होता, कापत काहीच नव्हता, आणि आवाजावरून ते कळत नव्हतं. दाब थोडा कमी केला, पॅड पृष्ठभागाला सपाट टेकवला, तेव्हा रेघ परत फिरायला लागली. त्याहून अरुंद जागी सरळ तीन इंची पॅडवर गेलो.

आता टेस्ट स्पॉट. बॉनेटवर टेप लावून पंचेचाळीस सेंटिमीटरचा चौकोन केला. ब्रशवाल्या मशीनच्या धुलाईने आलेले स्वर्ल, टॉर्च धरला की कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल दिसायचे. सुरुवात सगळ्यांत सौम्य जोडीने: मेंझेर्ना 3800 (शेवटचा हात देण्याचं सौम्य पॉलिश) आणि मऊ फिनिशिंग फोमचा पॅड. चकाकी वाढली, जाळं मात्र जसंच्या तसं. मग मेंझेर्ना 2500 (मध्यम कापणारं पॉलिश) आणि मध्यम फोम. पॅडवर मटारएवढे चार थेंब, एक नंबर वेगाने पसरवणं, मग साडेचारवर आडवे-उभे पास, प्रत्येक पास आधीच्यावर अर्धा चढवत. हे सगळे पास मिळून एक सेट. हात सावकाश, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर. पॉलिशचा दुधाळ थर हळूहळू तेलासारखा पारदर्शक झाला, तेव्हा थांबलो. पुसलं आणि चौकोन आरशासारखा दिसला. फार आनंद झाला.

मग आयसोप्रोपाइल अल्कोहोल पाण्यात मिसळून फिरवलं. निम्म्या रेघा परत वर आल्या. पॉलिशमधल्या तेलाने त्या झाकल्या होत्या, इतकंच. हे पुसणं कधीही टाळू नका. ते केल्याशिवाय आपण नेमकं काय साधलं ते कळत नाही.

इथे मी घाई केली. निम्म्या रेघा उरल्या म्हणून थेट जड कंपाउंड (सगळ्यांत जास्त कापणारं पॉलिश) आणि मायक्रोफायबर पॅड लावला. स्वर्ल साफ गेले, पण चौकोनावर करडी धुकट छटा आली, मायक्रोफायबरच्या तंतूंनी केलेली. हा क्लिअर कोट मऊ आहे, हे तिथेच कळलं. कठीण रंगावर याच जोडीने काम झालं असतं. इथे तिने एक दोष काढून दुसरा बसवला आणि क्लिअर कोटही जास्त खाल्ला.

शेजारी नवा चौकोन आखला आणि परत 2500 वर आलो. पॉलिश तेच, वेग तोच. बदललं एवढंच की पॅड नवा, कोरडा घेतला आणि प्रत्येक सेटनंतर ब्रशने खरवडून साफ केला. निघालेला क्लिअर कोट आणि वापरलेलं पॉलिश पॅडच्या छिद्रांत बसलं की फोमची पकड जाते. तो कापण्याऐवजी घसरत राहतो आणि आपल्याला वाटतं पॉलिशच कमी पडतंय. दोन सेटनंतर अल्कोहोलने पुसलं, टॉर्च धरला. एक-दोन सरळ, खोल रेघा सोडल्या तर जाळं गेलं होतं. वर 3800 आणि मऊ फोमचा एक हात, झालं.

म्हणून जड बाटलीला हात घालण्याआधी पॅड बघा. साफ आहे का, गरम होऊन मधून मऊ पडलाय का, प्लेटला नीट चिकटलाय का. नंतर पॅडचा प्रकार बदला. पॉलिश बदलणं सगळ्यांत शेवटी, आणि एका वेळी एकच गोष्ट, नाहीतर फरक कशाने पडला ते सांगता येत नाही. मी एका मोठ्या पॅनलला दोन पॅड धरून चालतो, आणि ते कमीच पडतात.

पॉलिशच्या स्वभावाबद्दल थोडं. काही पॉलिशमधले कण घासताना तुटून बारीक होत जातात. ती पूर्ण चालवावीच लागतात, अर्ध्यात पुसलं तर भरड कणांच्या खुणा राहतात. मेग्वायर्सच्या एम 205 सारख्यांत कण सुरुवातीपासूनच अतिशय बारीक आणि तसेच टिकणारे असतात, तिथे कधी थांबायचं ते आपल्या हातात. अशा पॉलिशबरोबर पॅड आणि दाब यांवरच सगळं ठरतं, म्हणून फेंडरच्या कडांजवळ मला तेच बरं वाटलं. कडांवर आणि बॉडी लाइनवर रंग पातळ असतो. तिथे आधी टेप, मग टेप काढून 3800 चा एकच हलका पास.

काम झाल्यावर बॉनेट परत मोजलं. 115 ते 123. गेज स्वतःच दोन-तीन मायक्रॉन इकडेतिकडे दाखवतं, त्यामुळे या फरकावर जोर देत नाही. रंगाला धक्का लागला नाही इतकं समाधान पुरेसं आहे.

ड्रायव्हरच्या दरवाज्यावर हँडलखाली किल्लीचा एक ओरखडा आहे. नख फिरवलं तर अडकतं. तो तसाच ठेवला, फक्त कडा गोलावल्यात, आता तिरक्या उजेडात चमकत नाही. पुढच्या आठवड्यात डावा मागचा दरवाजा, त्याचा टेस्ट स्पॉट वेगळा. टपाला 3800 चा एकच सेट देणार आहे. 110 वर त्याहून जास्त घासायची माझी तयारी नाही.