आयत्या वेळचे विषय

आमच्या शाळेच्या पालक-शिक्षक संघाची इतिवृत्ताची वही सध्या आमच्या फ्रीजवर असते. खरं तर ती सचिवांकडे हवी, आणि सचिव शिक्षकांपैकीच असतात. पण आमच्या सचिव बाईंना मतदार याद्यांच्या कामाचं पत्र आलं. जाता जाता त्यांनी वही माझ्या हातात कोंबली. "तुम्ही सहसचिव ना? आणि अक्षरही बरं आहे तुमचं."

सहसचिव मी चिठ्ठीनं झाले. शाळांच्या फीबद्दलचा 2011 चा कायदा आहे, त्यानुसार शाळेतल्या प्रत्येक मुलाचे पालक संघाचे सभासद असतात. कार्यकारी समिती मात्र इच्छुकांच्या चिठ्ठ्या टाकून ठरते. मुख्याध्यापक अध्यक्ष, उपाध्यक्ष पालकांतला. इच्छुक म्हणून माझं नाव नवऱ्यानं दिलं, स्वतःचं द्यायला लागू नये म्हणून. चिठ्ठ्या टाकायला डबा सापडेना, तेव्हा मोठ्या बाईंनी स्वतःचा जेवणाचा डबा रिकामा करून दिला. दुसरीतल्या एका मुलीनं त्यात हात घातला आणि माझी चिठ्ठी वर आली. तिला लिंबाच्या लोणच्याचा वास होता.

इतिवृत्ताची भाषा शिकायला मला दोन सभा लागल्या. पहिल्या सभेचं मी जसं घडलं तसं लिहिलं होतं. मोठ्या बाईंनी चष्म्यावरून बघत लाल पेननं अर्धं खोडलं. मग मी वही मागे चाळत गेले आणि हळूहळू शब्दांचे खरे अर्थ लागायला लागले. 'सविस्तर चर्चा झाली' म्हणजे भांडण झालं. 'काही पालकांनी सूचना मांडल्या' म्हणजे एकच पालक बोलत होते, पण थांबत नव्हते. 'सर्वानुमते मंजूर' म्हणजे सव्वाबारा वाजले होते आणि रिक्षावाले काका बाहेर हॉर्न देत होते. 'अल्पोपहारानंतर सभेची सांगता झाली' यातला अल्पोपहार म्हणजे भडंग आणि चहा; त्याबद्दल मात्र कुणाचंच दुमत नसतं.

बोलणाऱ्यांचं काय सांगावं! विष्णुदास भाव्यांनी 1843 साली याच सांगलीत मराठी नाटक उभं केलं, तेव्हापासून इथल्या माणसाला माईक दिसला की राहवत नाही असा माझा समज आहे. एक आजोबा आहेत, नातवाच्या दप्तराच्या ओझ्यावर बोलायला उठतात आणि स्वतःच्या लहानपणी शाळेत चालत जाताना लागणाऱ्या ओढ्यापर्यंत जातात. त्यांना बसवायचं कसं हे अजून कुणाला जमलेलं नाही. मी ते 'दप्तराच्या वजनाबाबत विचारविनिमय' असं लिहिते.

गंमत म्हणजे वहीत सगळ्यांची पूर्ण नावं असतात, सौ. आणि श्री. लावून, आणि त्यामुळे कोण कोण हे कुणालाच कळत नाही. शाळेच्या फाटकाशी आम्ही सगळे पोरांच्या नावानं ओळखले जातो. अमक्याची मम्मी, तमक्याचे पप्पा. सूचक आणि अनुमोदक लिहिताना मला दर वेळी शेजारणीला विचारावं लागतं, "ते निळी स्कूटरवाले, त्यांचं नाव काय हो?" तिलाही माहीत नसतं.

वहीत मागे जाता जाता मला एक कडी सापडली. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराची. 'आयत्या वेळचे विषय' या सदरात ती पहिल्यांदा आली, तिथं लिहिलं होतं, 'योग्य ती कार्यवाही करण्याचे ठरले.' पुढच्या वर्षी पुन्हा तीच कडी, तीच कार्यवाही, फक्त अक्षर वेगळं. तिसऱ्या वर्षी 'पाठपुरावा करावा' असं होतं. म्हणजे तीन वर्षं एक मुलगी आत जायची आणि दुसरी बाहेरून दार धरून उभी राहायची. माझी लेकही त्यात असणार. घरी कधी बोलली नाही. ते वाचून मी बराच वेळ वही मांडीवर तशीच धरून बसले होते. फीच्या विषयाला आम्ही दीड तास देतो, आणि द्यायलाच हवा, पण कडी कायम आयत्या वेळची.

त्याच वहीत 2019 च्या ऑगस्टची नोंद आहे. एक ओळ: 'पूरपरिस्थितीमुळे नियोजित सभा तहकूब करण्यात आली.' कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ 45 फुटांना धोक्याची पातळी आहे, त्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. आमची शाळा विश्रामबागेच्या बाजूला, तिथं पाणी पोचलं नाही, माणसं पोचली. बाकं एकावर एक रचून वर्ग रिकामे केले होते. चौथीच्या वर्गात गावभागातली दोन-तीन घरं होती. फळ्यावर पाढे तसेच होते आणि खाली म्हाताऱ्या आडव्या झाल्या होत्या. आमच्यापैकी कुणी पोळ्या आणल्या, कुणी सतरंज्या. एका बाईनं नुसते बाळांचे लंगोट आणले, बाकी कुणालाच ते सुचलं नव्हतं. शिपाईमामांनी पाच दिवस घर बघितलं नाही. सभा तहकूब होती, म्हणून यातलं काही वहीत नाही. खाली निम्मं पान कोरं आहे.

या वर्षी पहिल्या सभेत मी कडीचा विषय आयत्या वेळचा न ठेवता क्रमांक 2 वर घेतला. मोठ्या बाई म्हणाल्या, संस्थेकडे पत्र पाठवू. पाठवलंही. पण त्या आधीच्या रविवारी निळी स्कूटरवाले ड्रिल मशीन घेऊन शाळेत आले होते. त्यांचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे, हेही मला तेव्हाच कळलं. त्यांनी तिन्ही दारांना कड्या बसवल्या, बिजागऱ्यांना तेल घातलं, आणि शिपाईमामांबरोबर चहा पिऊन गेले.

मागच्या शनिवारी पुढची सभा झाली. विषय क्रमांक 1, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. वाचून झाल्यावर मी शेवटी एक ओळ जोडली, 'दरवाजांना कड्या बसवण्यात आल्या.'

"कुणी बसवल्या ते लिहा की," मागून एक बाई म्हणाल्या.

मी पेन उघडलं आणि नाव विचारायला मागे बघितलं. ते शेवटच्या बाकावर होते, पोराच्या बाकात गुडघे दुमडून.

"नको वहिनी," ते म्हणाले. "लिहिलं की ऑडिटला पावती मागतील."

मोठ्या बाईंनी मान हलवली. मी लिहिलं, 'सविस्तर चर्चा झाली,' आणि भडंगाची पिशवी फोडली.