चाकांखालचे दिवे

विमान उतरताना खिडकीतून जे दिवे दिसतात ना, ते रनवेच्या कडेचे. पांढरे, आणि रनवे संपत आला की शेवटच्या ६०० मीटरला पिवळे. मधले दिवे खिडकीतून दिसतच नाहीत म्हणून कुणाला माहिती नसतात, पण रनवेचे दिवे सांभाळणाऱ्या आमच्या रात्रपाळीचा निम्मा जीव त्या मधल्यांतच अडकलेला असतो, टचडाऊन झोनच्या, म्हणजे विमानाची चाकं टेकतात त्या भागातल्या.

थ्रेशोल्डची, म्हणजे रनवे जिथं सुरू होतो तिथली, हिरवी ओळ ओलांडली की तिथून पुढे ९०० मीटर, सेंटरलाईनच्या, म्हणजे रनवेच्या मधल्या रेषेच्या, दोन्ही बाजूंना, तीन-तीन पांढऱ्या दिव्यांच्या आडव्या पट्ट्या. वरून येताना पायलटला बाजूचे उतरण्याचा कोन दाखवणारे चार दिवे (PAPI, आम्ही पापी म्हणतो) दिसत असतात, दोन पांढरे दोन लाल म्हणजे उतार बरोबर, चारही लाल म्हणजे फार खाली आलाय. पण धुक्यात अगदी शेवटच्या काही सेकंदांत जमीन नक्की कुठंय, पंख एका पातळीत आहेत का, हे समोरच्या ह्या पट्ट्याच सांगतात.

आणि नेमके हेच दिवे सगळ्यात जास्त मार खातात. विमानाचं चाक हवेत असताना फिरत नसतं, टेकल्याबरोबर एका झटक्यात त्याला वेग घ्यावा लागतो, टायर घासतं, धूर निघतो आणि ते रबर रनवेवर काळं होऊन बसतं, विमान जरा डावं-उजवं टेकलं की दिव्याच्या काचेवर पण. वीज जाण्याची भीती त्यामानानं कमी, कारण दिवे सिरीजमध्ये, म्हणजे एकाच तारेवर एकामागोमाग एक, असले तरी प्रत्येकाला वेगळा ट्रान्सफॉर्मर असतो, एक गेला म्हणून बाकीचे विझत नाहीत.

सुरुवातीला मी गाडीतून बघायचो, पेटलाय ना, मग झालं. एका रात्री आमच्या सिनियरनी मला खाली उतरवलं आणि म्हणाले, "गुडघ्यावर बस, विमान येतं त्या बाजूनं बघ." बसलो. तिघांतला आतला दिवा, जो उभं राहून चांगला दिसत होता, तो पार मिणमिणत होता, काचेवर रबराचा तपकिरी थर, फडक्यानं एकदा पुसून काही फरक नाही, चांगलं घासावं लागलं. नियम असा की ठरलेल्या तीव्रतेच्या ५० टक्क्यांखाली गेला की पेटता दिवासुद्धा बंदच धरायचा, आणि कॅट टू, कॅट थ्रीच्या, म्हणजे धुक्यात फार कमी दिसत असतानाच्या, लँडिंगसाठी टचडाऊन झोनचे निदान ९० टक्के दिवे चालू राहतील असा मेंटेनन्स हवा. म्हणजे मी इतके दिवस जे मोजत होतो ते मोजणंच नव्हतं.

तेव्हापासून मी आधी गुडघे टेकतो, मग वहीत लिहितो. परवाही असाच एक साफ केला, तेवढ्यात टॉवरनं वॉकीटॉकीवर रनवे सोडायला सांगितलं, गाडी बाहेर काढून उभे राहिलो, आणि पुढचं विमान बरोबर त्याच पट्टीच्या आसपास टेकलं, परत धूर.