आवर्तनाआधीची चारी
दिंडोरी तालुक्यात आज पाणी वापर संस्थेच्या (कालव्याचं पाणी वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्थेच्या) मंडळींसोबत चारीवर, म्हणजे शेतांकडं पाणी नेणाऱ्या छोट्या कालव्यावर, दिवस गेला. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटायच्या आधीची ही कामं. सगळे संचालक बिनपगारी. 2005 च्या कायद्यानं संचालकांत मुखाचे (चारीच्या सुरुवातीचे), मध्याचे आणि पुच्छाचे (शेवटच्या टोकाचे, शेपटाकडचे) शेतकरी सारखे असावे लागतात, आणि ते बरंच आहे. नाहीतर मुखाकडचा कधी शेपटाकडं फिरकत नाही.

पाणी सुटण्याआधीचं खरं काम फ्ल्यूमपाशी, म्हणजे चारीतलं पाणी मोजायच्या अरुंद बांधीव नाळीपाशी. संस्थेला पाणी मोजून मिळतं, बिलही त्यावरच. फ्ल्यूमच्या खालच्या अंगाला गाळ-गवत तुंबलं की पाणी मागं फुगतं, मोजपट्टीवर पाण्याची उंची जास्त दिसते, प्रत्यक्षात वाहतं कमी. उंची दहा टक्क्यांनी चुकली तर प्रवाह सुमारे पंधरा टक्क्यांनी चुकतो! म्हणून आधी तिथला गाळ, मग बाकीची चारी. पट्टीचा शून्य फ्ल्यूमच्या तळाशी जुळतो का, तेही ओळंब्यानं नाही, लेव्हल ट्यूबनं बघायचं.

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28 लिटर, चोवीस तासांत जवळपास साडेचोवीसशे घनमीटर. हा हिशोब करूनच पाळीपत्रक (कुणाला कधी पाणी, त्याचं वेळापत्रक) लावायचं, तेही शेपटाकडून. पुच्छाचं भरणं आधी झालं की वरच्याला रात्री दार फोडायचं कारण उरत नाही. (तरी एखादा फोडतोच.)

पाण्याचे मागणी अर्ज (सात नंबरचे फॉर्म) मात्र अजूनही शेवटच्या दिवशी येतात. आज ते भरता भरता द्राक्षवाले भाऊ म्हणाले, "लिहा अर्धा एकर." बाग दीड एकराची.