चोवीस गोळ्यांचा हिशेब

ओपीडी संपत आली असताना फार्मसीतून फोन आला, तेव्हा तो घेण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो. बाहेर अजून अकरा रुग्ण ताटकळत होते, आणि फार्मसीचा फोन म्हणजे अमुक कंपनीची गोळी संपली आहे, दुसऱ्या कंपनीची चालेल का, एवढाच मामला असणार, अशी माझी समजूत होती. आमच्या फार्मासिस्ट मॅडमनी मात्र रुग्णाचे नाव आणि नोंदणी क्रमांक सांगून शांतपणे एकच प्रश्न विचारला.

"डॉक्टर, या आजींना मेथोट्रेक्सेट रोज घ्यायला सांगितलं आहे का?"

"नाही, आठवड्यातून एकदाच. आधीपासून चालू होतं तेच पुढे लिहिलं आहे," मी काहीसा तुटकपणे म्हणालो.

"कार्डावर 'रोज' असं छापलं आहे. कार्ड माझ्या हातात आहे."

'तुमची चूक झाली आहे' असे त्या म्हणाल्या नाहीत; तसे म्हणाल्या असत्या तर मी बहुधा वाद घातला असता. मी संगणकावर ते डिस्चार्ज कार्ड उघडले आणि खाली स्वतःची सही पाहिली.

या आजी अडुसष्ट वर्षांच्या. संधिवातासाठी दर गुरुवारी मेथोट्रेक्सेटच्या २.५ मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या, म्हणजे १५ मिलिग्रॅम, हा त्यांचा अनेक वर्षांचा क्रम होता. मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी त्यांना आमच्या वॉर्डात दाखल केले, तेव्हा जंतुसंसर्ग असताना प्रतिकारशक्ती दाबणारे औषध नको म्हणून ते आम्ही थांबवले होते, आणि पाच दिवसांपूर्वी घरी सोडताना मी ते पुन्हा सुरू केले. आमच्या संगणकात औषध निवडले की पुढे 'दिवसातून एकदा' हे शब्द आपोआप उमटत; ते बदलून 'आठवड्यातून एकदा' करायचे तर वेगळी यादी उघडावी लागे. रात्रपाळीच्या शेवटी मी ती उघडली नाही. हे लिहिताना सबब सांगितल्यासारखे वाटते, आणि काही अंशी ती सबबच आहे, कारण छापून आलेले कार्ड वाचण्याची जबाबदारी संगणकाची नव्हती.

मॅडमच्या लक्षात हे आले ते कार्ड वाचून नव्हे, हिशेबातून. आजींची सून खिडकीवर रिकाम्या स्ट्रिप घेऊन त्याच गोळ्या पुन्हा मागायला आली होती. दाखल होण्याच्या आदल्या दिवशीच चोवीस गोळ्या नेल्याची नोंद होती. घरी साठा असल्यामुळे डिस्चार्जच्या दिवशी त्या फार्मसीत फिरकल्याच नव्हत्या. चोवीस गोळ्या म्हणजे चार आठवड्यांचा साठा, मग तो आठवड्याच्या आत संपला कसा? रोज सहा घेतल्या तर चोवीस गोळ्या बरोबर चार दिवस पुरतात. हे गणित मॅडमनी मनातल्या मनात केले, मागितलेल्या गोळ्या दिल्या नाहीत, आणि मगच कार्ड पाहायला मागितले.

मी खाली पोहोचलो तेव्हा त्या काउंटर सोडून बाहेर बाकावर आजींच्या शेजारी बसल्या होत्या. "आजी, जेवताना काही त्रास होतो का?" असे त्यांनी विचारले, तेव्हा आजी सहज म्हणाल्या, "तोंड आलं आहे दोन दिवस. उष्णता झाली असेल." मी बॅटरी लावून पाहिले, तर खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला पांढुरक्या कडेचे दोन व्रण होते आणि गालाच्या आतली त्वचा लालभडक झाली होती. मेथोट्रेक्सेट पेशींची वाढ रोखते, म्हणून ज्या पेशी सतत नव्याने तयार होत असतात त्यांच्यावर त्याचा घाव आधी बसतो. तोंडाचे अस्तर त्यांपैकी एक आणि रक्तपेशी तयार करणारी अस्थिमज्जा दुसरी. तोंडात जे दिसत होते ते रक्तातही चालू असणार, हे उघड होते.

"लघवीच्या संसर्गासाठी कोट्रायमोक्साझोल दिलं नव्हतं ना?" मॅडमनी हळू आवाजात मला विचारले. तेही मेथोट्रेक्सेटसारखेच, नव्या पेशींना लागणाऱ्या फोलेट या जीवनसत्त्वाच्या मार्गात आडवे येणारे जंतुनाशक औषध. मेथोट्रेक्सेटसोबत पडले तर अस्थिमज्जेवर दुहेरी मार होतो. आम्ही वेगळे औषध दिले होते. त्यांनी सुस्कारा सोडला आणि आजींची औषधांची पिशवी काउंटरवर रिकामी केली.

त्या पिशवीने मला जे शिकवले ते कोणत्याही केसपेपरवर नव्हते. संधिवाताने वाकड्या झालेल्या बोटांनी आजींना स्ट्रिपमधून गोळी काढता येत नसे, म्हणून सून सगळ्या गोळ्या आधीच काढून एका डबीत भरून ठेवी. मेथोट्रेक्सेट पिवळी आणि सोबतची फॉलिक ॲसिडची गोळीही पिवळी. दोन्ही एकाच डबीत. त्याशिवाय दोन वेगवेगळ्या नावांच्या वेदनाशामक गोळ्या होत्या, एक जुनी आणि एक गुडघ्यासाठी दुसऱ्या कोणी दिलेली. मॅडमनी दोन्ही पाकिटे उलटी करून बारीक अक्षरांतल्या ओळीवर बोट ठेवले: दोन्हींत डायक्लोफेनॅकच होते. मेथोट्रेक्सेट मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, आणि अशा वेदनाशामकांनी मूत्रपिंडाचे काम मंदावले की ते शरीरात साचत जाते. दाखल असताना मी आजींना "आणखी काही औषधे घेता का?" असे विचारले होते, त्या "नाही" म्हणाल्या होत्या आणि मी ते लिहूनही टाकले होते. दुखले की घ्यायची गोळी हे त्यांच्या लेखी औषधच नव्हते.

तासाभरात रक्ताचा अहवाल आला. पांढऱ्या पेशी २,३०० आणि प्लेटलेट ९२,०००, दोन्ही कमी; मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन १.६, म्हणजे वाढलेले. आजींना त्याच दिवशी पुन्हा दाखल केले आणि फोलिनिक ॲसिडची इंजेक्शने सुरू केली. अशा वेळी साधे फॉलिक ॲसिड पुरत नाही, कारण ते उपयोगात आणणारे एन्झाइमच मेथोट्रेक्सेटने अडवलेले असते. फोलिनिक ॲसिड हा अडथळा ओलांडून पुढे जाते. ते जितके लवकर मिळेल तितके बरे असते. आजींना ते मिळेपर्यंत पाचवा दिवस उजाडला होता, पण सहा गोळ्यांचा आणखी एकही डोस पोटात गेला नव्हता, तो केवळ खिडकीवर झालेल्या त्या नकारामुळे.

पुढचे दिवस सोपे नव्हते. तिसऱ्या दिवशी पांढऱ्या पेशी १,४०० वर उतरल्या आणि रात्री ताप भरला; सहाव्या दिवसापासून आकडे वर चढू लागले. त्या दिवसांत मॅडम रोज दुपारी वॉर्डात येऊन आजींचा औषधांचा तक्ता पाहून जात. आजींना आणि त्यांच्या सुनेला मी माझी चूक स्पष्ट शब्दांत सांगितली. सून बराच वेळ काही बोलली नाही. मग "मीच रोज हातावर काढून देत होते" एवढेच म्हणाली. त्या वाक्याचे उत्तर मला आजही सापडलेले नाही.

घटनेचा अहवाल मॅडमनी लिहिला. त्यात माझे नाव पहिल्या ओळीत असेल असे मी धरून चाललो होतो. पहिल्या ओळीत 'दिवसातून एकदा' हा पर्याय आपोआप येतो, असे होते. ही चूक जुनी आणि जगभर घडणारी आहे, युरोपीय औषध संस्थेने २०१९ मध्ये नेमक्या याच घोळासाठी वेष्टनावर ठळक इशारा आणि रुग्णाजवळ ठेवायचे कार्ड अशा उपायांची शिफारस केली होती, हेही त्यांनी मला दाखवले. महिन्याभराने आमच्या संगणकात बदल झाला: मेथोट्रेक्सेट निवडले की वार विचारला जातो, आणि वार भरल्याशिवाय कार्ड छापतच नाही. मॅडमनी त्यावर समाधान मानलेले नाही. माझ्या चिठ्ठ्यांवरून त्यांचे फोन अजूनही येतात, आणि दहांपैकी आठ वेळा सगळे बरोबरच असते. आता त्या फोनचा मला त्रास वाटत नाही, असे म्हटले तर ते पूर्ण खरे होणार नाही. पण मी तो उचलतो आणि कार्ड उघडूनच उत्तर देतो.

बाराव्या दिवशी आजी घरी निघाल्या. मेथोट्रेक्सेट पुन्हा कधी आणि किती सुरू करायचे ते संधिवाताचे डॉक्टर रक्त पाहून ठरवणार होते, म्हणून तूर्त ते बंद होते, आणि डायक्लोफेनॅकची दोन्ही पाकिटे फार्मसीत जमा झाली होती. मी नवे कार्ड दोनदा वाचले, प्रत्येक ओळ आजींना समजावून सांगितली आणि सही करून त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते नीट घडी करून पर्समध्ये ठेवले आणि अगदी सौम्यपणे म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत ते कळलं, डॉक्टर. तरी जाताना खालच्या बाईंना एकदा दाखवून घेते."

मी त्यांच्यासाठी लिफ्टचे बटण दाबले.