पैसे दिल्लीचे, मग आमदाराच्या दारात कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. मोर्चाहून परतताना एसटीत विचारता, भिशीत विचारता, भावाच्या घरी पंगतीत विचारता. एकदा तर कोल्हापूरच्या बिंदू चौकात फलक हातात असतानाच एका गृहस्थांनी थांबवून विचारलं, "ताई, एनएचएम, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियान, केंद्राची योजना. गावोगावच्या आशा सेविकांचा मोबदला केंद्राचा, टीबीच्या गोळ्या केंद्राच्या. मग ऊठसूट आमदाराला निवेदन कशाला? त्याच्या हातात काय आहे?" विचारणाऱ्यांतल्या काहींना खरंच समजून घ्यायचं असतं. काहींना वाटतं आम्हाला कुणीतरी पढवून पाठवलंय. दोघांनाही उत्तर तेच, पण ते दोन वाक्यांत सांगून होत नाही आणि तोवर तुमचा स्टॉप येतो.

मी गटप्रवर्तक आहे, म्हणजे आशांच्या कामावर देखरेख करणारी, जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरी भागात. माझ्या हाताखालच्या आशा ज्या वाड्यांवर जातात, तिथे दिवसाला एखादीच गाडी. तीही पावसाळ्यात भरवशाची नाही.

आधी पैशांचं सांगते. "केंद्राची योजना" हे अर्धंच खरं आहे. 2005 साली हे अभियान सुरू झालं तेव्हा भार दिल्लीने उचलला होता. मग राज्याचा वाटा 15 टक्के झाला, नंतर 25, आणि 2015-16 पासून 40. दिल्लीचं म्हणणं असं, की चौदाव्या वित्त आयोगाने करांतला राज्यांचा वाटा 32 वरून 42 टक्के केला, तेव्हा आता तुम्ही जास्त घाला. यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. पण राज्याला मिळालेला तो जादा पैसा आरोग्यावरच खर्च व्हावा असं बंधन कुठे होतं? रस्त्याला गेला, आणखी कशाला गेला. उपकेंद्रातल्या नर्सबाईंना कधी कुणी सांगितलं नाही, की बाई, आजपासून तुझा खर्च निराळ्या खिशातून येणार आहे.

आणि कपात म्हणजे आकडा कमी करणं एवढंच नसतं. आशांना दर महिन्याच्या ठरलेल्या कामांचा केंद्राचा मोबदला 2018 ला 1000 वरून 2000 झाला, आणि तिथेच थांबला. तो 3500 केल्याचं संसदेत सांगितलं गेलं ते 2025 मध्ये. मधल्या काळात करोना येऊन गेला, गॅसची टाकी कुठे गेली, तेलाचा डबा कुठे गेला. इतकी वर्षं आकडा हलवायचाच नाही, ही कपातच झाली की!

राजकारण करता, असंही म्हणता. या बायकांना कर्मचारी न म्हणता "स्वयंसेविका" म्हणायचं हे 2005 च्या सरकारनेच ठरवलं होतं, आणि ते सरकार आजचं नव्हतं. आम्ही त्याच्याशीही भांडलो. मुंबईत सरकारं बदलली, तशी निवेदनावरची नावं बदलली. मागण्या त्याच राहिल्या.

आता ज्या गोष्टीपासून मी आमदाराच्या दारात जायचं सोडत नाही, ती सांगते.

2024 च्या सुरुवातीला टीबीच्या गोळ्यांचा तुटवडा पडला. फक्त आपल्याकडे नाही, बऱ्याच राज्यांत. या गोळ्यांची खरेदी दिल्लीतून व्हायची. आमच्या भागात एक पेशंट होता, तिशीतला, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत मोल्डिंगवर कामाला. खोकला, संध्याकाळचा ताप, अंगावरचं मांस उतरलेलं. बेडका तपासला, टीबी निघाला, गावी परतला. पहिले दोन महिने चार औषधांची गोळी व्यवस्थित मिळाली. वजन भरायला लागलं, आई खूश. नंतरचे चार महिने तीन औषधांची गोळी घ्यायची असते, ती कमी पडू लागली. आधी महिन्याची मिळायची, मग आठवड्याची, मग चार दिवसांची. मेडिकलच्या दुकानांत तेच मिश्रण, तोच डोस मिळेना. जे मिळत होतं ते त्याच्या खिशाला परवडणारं नव्हतं. पोषण आहाराचे महिन्याचे 500 रुपये तेव्हा यायचे, तेही वेळेवर आले तर.

आशा मला म्हणाली, "मॅडम, तुम्ही एकदा घरी चला. माझा हिशोब जुळंना झालाय."

गेलो. देव्हाऱ्याखालच्या फळीवर प्लॅस्टिकच्या डबीत गोळ्या होत्या. संपायला हव्या होत्या, त्यापेक्षा जास्त. मी विचारलं, खात नाहीस का रे? तो शरमला नाही, लपवलंही नाही. नीट समजावून सांगायला लागला. "रोज खाल्ल्या तर मंगळवारी संपत्यात. एकाआड खाल्ल्या तर पुढल्या आठवड्यापतूर पुरत्यात. औषध मधीच बंद पडू द्यायचं न्हाई, असं तुम्हीच सांगितलंय न्हवं?" या औषधाने लघवी नारिंगी होते. तो त्यावरून अंदाज घ्यायचा. रंग उतरला की एक दिवस झाला, आता दुसरी खायची. आई कौतुकाने म्हणाली, "लई काटेकोर हाय बघा माझा पोरगा."

काटेकोरच होता. आम्ही दिलेली सूचना त्याने अक्षरशः पाळली होती. औषधात खंड पडू द्यायचा नाही हे आम्ही शिकवलं, आणि खंड पडणारं औषध आम्हीच हातात ठेवलं. एकाआड गोळ्या म्हणजे जंतूला सराव करून देणं, हे त्या माउलीपुढे कसं बोलायचं? त्याला बाहेर अंगणात नेऊन सांगितलं. तो बराच वेळ चपलेकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "मग देता का रोजच्या?"

माझ्याकडे नव्हत्या.

आरोग्य केंद्रात विचारलं, मागणी गेलीय म्हणाले. त्याच मार्चमध्ये केंद्राचं राज्यांना पत्र आलं, की तूर्त गोळ्या स्थानिक पातळीवर खरेदी करा. पत्र 18 तारखेचं, आणि लोकसभेची आचारसंहिता लागली 16 ला. आचारसंहितेत निविदा कशी काढायची, असं एका टेबलावर ऐकलं. याच दिवसांत उपकेंद्रावर "आयुष्मान आरोग्य मंदिर" अशी नवी पाटी रंगवून झाली. रंगाला पैसे मिळाले होते. पंजाबात आणि केरळात अशाच नावांवरून केंद्र आणि राज्य हमरीतुमरीवर आले, पंजाबचा तर एनएचएमचा निधीच अडवला गेला. पाटीवर नाव कुणाचं, यावर आत औषध असणार की नाही हे ठरायला लागलं, तर आम्ही कुणाला जाऊन विचारायचं?

म्हणून आमदाराकडे गेलो. पीए म्हणाला, "हा केंद्राचा विषय, खासदारांकडे जा." खासदारकीची निवडणूक तर चालू होती, कुणाकडे जाणार? आम्ही हललो नाही. साहेब बाहेर आले, ऐकून घेतलं, तिथूनच फोन लावला. गोळ्या आल्या. म्हणजे शेजारच्या तालुक्यातला साठा आमच्याकडे फिरवला. आमच्या आशांनी टाळ्या वाजवल्या, मला वाजवता आल्या नाहीत. त्या तालुक्यातही कुणाच्या तरी देव्हाऱ्याखाली डबी असणारच.

त्या पोराचा बेडका पुढे पुन्हा पॉझिटिव्ह आला, आणि मुख्य औषधालाच दाद देत नाही असा रिपोर्ट निघाला. मग लांबचा, जड गोळ्यांचा इलाज. फौंड्रीतली जागा गेली. गोळ्या तुटल्या म्हणूनच हे झालं, असं कुठलाही डॉक्टर लिहून देणार नाही. मीही शपथेवर सांगणार नाही. पण ती डबी मी पाहिली आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. आमदाराने फोन करावा म्हणून आम्ही जात नाही. फोनने तुटवडा फक्त या गावातून त्या गावात जातो. त्याने सभागृहात उभं राहावं म्हणून जातो. घटनेच्या राज्यसूचीत सार्वजनिक आरोग्य, दवाखाने आहेत, म्हणजे विषय त्याचाच. मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं असा तारांकित प्रश्न टाकावा, लक्षवेधी सूचना लावावी: केंद्राचा हप्ता कधी आला, राज्याचे 40 टक्के कधी पडले, जिल्ह्यात किती दिवसांच्या गोळ्या आहेत. दिल्लीने कमी केलं असेल तर तसं नोंदवावं, ठराव करावा, पक्ष कुठलाही असो. एकदा उत्तर पटलावर आलं, की "मागणी गेलीय" एवढ्यावर कुणाला सुटता येत नाही. आपल्या जिल्ह्याचे दहा आमदार आहेत. डिसेंबर 2024 पासून आरोग्यमंत्रीही राधानगरीचे, प्रकाश आबिटकर. मंत्री घरचे, आता कशाला मोर्चे, असं म्हणता ना? घरचे आहेत म्हणून तर जास्त.

आणि दारात जाऊन काहीच मिळत नाही हेही खोटं. 2023 च्या ऑक्टोबरपासूनचे संप, आझाद मैदानावर काढलेल्या रात्री, त्यानंतर 2024 च्या मार्चमध्ये आशांच्या मानधनात 5000 ची वाढ झाली. ती मुंबईतून झाली, राज्याच्या तिजोरीतून.

याच वाढीवरून माझं माझ्याशीच भांडण आहे. 2021 च्या संपात मी संघटनेच्या बैठकीत तावातावाने म्हणाले होते, राज्याकडे मागू नका. राज्याने भरलं की दिल्ली हात काढून घेईल आणि पुन्हा कधी विचारणारही नाही. तेव्हा एक वयस्कर आशा म्हणाली, "पोरी, दिल्ली देईपतूर माझ्या पोराची फी कोण भरंल?" मी गप्प बसले, पण माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. 5000 आले तेव्हाही मनात तेच आलं: झालं, आता दिल्ली मोकळी. राज्यही काही धुतल्या तांदळाचं नाही. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलंय, की राज्यांनी 2020 पर्यंत अर्थसंकल्पाचा 8 टक्क्यांहून जास्त भाग आरोग्याला द्यावा. दिल्लीच्या नावाने ओरडणाऱ्या आमदाराला हा आकडा विचारला, की तो घड्याळाकडे बघतो. मग आम्ही त्याच्या दारात जाऊन त्याला आडोसाच मिळवून देतो का? कधीकधी वाटतं, हो. तरी निवेदन टाइप करायला बसते.

येत्या अधिवेशनाआधी दहाही आमदारांना एकच निवेदन द्यायचं चाललंय, वर सांगितलेल्या तीन प्रश्नांचं. राज्याने आधी भरावं आणि मग दिल्लीशी भांडावं, की भांडण आधी, यावर आमच्यातच एकमत नाही. मसुद्यातली ती ओळ अजून कोरी आहे.